एक्केचाळीस नंबरची बाटली

आमची ही तपासणीच्या खोलीत आली ती माझ्याच शिफारशीवर. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की मी पहिल्यापासून तिच्या वाईटावर होतो. अकरा वर्षं ती खालच्या मजल्यावर लेबलं लावायच्या विभागात होती आणि मी वर. एकाच कारखान्यात असून दिवसभर आमचं तोंड एकमेकांना दिसायचं नाही, आणि माझ्या मते आमचा संसार नीट चालण्यामागे हेच एक मोठं कारण होतं.

माझं काम लस बघण्याचं. करण्याचं नाही, बघण्याचं. भरून, बूच लावून आलेली प्रत्येक बाटली आमच्या खोलीतून जाते. समोर एक काळा फळा, एक पांढरा, वर दिवा. बाटली हातात घ्यायची, हलकेच फिरवायची, पाच सेकंद काळ्यापुढे धरायची, पाच सेकंद पांढऱ्यापुढे. धागा, कण, बुचाचा तुकडा, काचेला चीर, काहीही दिसलं की ती लाल ट्रेमध्ये. तेवीस वर्षं मी हेच करत आलोय. मला तिथे ‘घार’ म्हणतात. आधी चेष्टेत म्हणायचे, मग ‘घारसाहेब’ झालं, आणि गेली काही वर्षं तर नवीन आलेल्यांना माझं खरं नाव माहीतही नसतं.

नव्या लोकांना शिकवायचं काम माझ्याकडे. पहिल्या दिवशी माझं एक ठरलेलं भाषण असतं. ‘ही लस तान्ह्या बाळांची. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात, तिन्ही एकाच टोचणीत. हिच्यात काय आहे? घटसर्पाचं आणि धनुर्वाताचं विष आहे, पण आधी निकामी केलेलं, अंगाला नुसती ओळख पटण्यापुरतं. डांग्या खोकल्याचे जंतू आहेत, तेही मारलेले. ॲल्युमिनियमचा क्षार आहे, अगदी जरासा, त्याच्यामुळे अंग ही ओळख पक्की लक्षात ठेवतं. बाकी मिठाचं पाणी. त्या क्षारामुळे लस दुधाळ दिसते, आणि ती दुधाळ दिसते म्हणून आपल्याला नोकऱ्या आहेत, नाहीतर कण कुणालाही दिसला असता.’ इथे लोक हसतात. मी त्यासाठी थांबतोही. शेवटी सांगतो, ‘शंका आली की बाहेर. आपल्याला खात्री नाही म्हणजे बाटली चांगली नाही.’

हे भाषण मी घरी म्हणून बघायचो. ही गॅसपाशी उभी राहून पुढचं वाक्य माझ्याआधी म्हणायची. एकदा तर म्हणाली, “हसायला थांबलात, पण आज कुणी हसलं नाही.” तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं.

मग आमच्या खोलीतले दोघं एकाच महिन्यात सोडून गेले. गुणवत्ता विभागाच्या मॅडमनी विचारलं, खालून कुणी घेण्यासारखं आहे का. मी म्हटलं, आमच्या हिला घ्या. मनात काय होतं तेही सांगतो. मला वाटलं, ती माझ्यासमोरच्या टेबलावर बसेल, अडली की मला विचारेल, आणि लोक मला ‘घारसाहेब, जरा बघता का’ म्हणतात ते तिच्या कानावर पडेल. घरी मला टोमॅटो आणायला पाठवलं तर त्यातले दोन ती नासके म्हणून बाजूला काढते. निदान एका ठिकाणी तरी माझा शब्द शेवटचा असतो हे तिला कळावं, एवढीच इच्छा.

झालं उलटंच. चौथ्या दिवशी मी शिकवण्यापुरता ठेवलेला, बाहेर न जाणारा एक ट्रे तपासून दाखवला आणि हिरव्या, म्हणजे चांगल्या बाटल्यांच्या बाजूला सरकवला. ही मागे उभी होती. म्हणाली, “तिसऱ्या ओळीतल्या दुसऱ्या बाटलीत काहीतरी आहे.” मी म्हटलं, बुडबुडा असेल. तिने बाटली काढून दिव्याखाली धरली, आणि खोलीतल्या सगळ्यांनी बघितलं. धागा होता. केसाहून बारीक, पण होता. कुणीतरी पाठीमागून म्हणालं, “घारीला घारीण भेटली.” सगळे हसले. मीही हसलो. हसताना माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या हे फक्त मला माहीत.

त्या दिवसापासून मी तिच्या मागे लागलो. ती एका बाटलीला दहाऐवजी तेरा-चौदा सेकंद घेते, हे मी घड्याळ लावून मोजलं. तिची एक लकब होती. फिरवून झालं की बाटली तिरकी धरून थांबायची, काचेवरचं दूध हळूहळू खाली ओघळेपर्यंत. मी सांगितलं, हे पद्धतीत लिहिलेलं नाही.

“पण दूध उतरल्याशिवाय मागची काच दिसते कुठे?” ती म्हणाली.

मी आवाज चढवला. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. संध्याकाळी बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि मी मुद्दाम पुढच्या सीटवर. घरी आलो तर स्वयंपाक नेहमीसारखा, बोलणं नेहमीसारखं. तिने एका शब्दाने तो विषय काढला नाही. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. दोष तिच्याकडे थोडा तरी सरकवता आला असता.

महिन्याभरात माझ्या टेबलाकडे येणारे पाय तिच्या टेबलाकडे वळायला लागले. संशयाच्या बाटल्यांचा एक वेगळा ट्रे असतो. ज्याला ठरवता येत नाही, तो त्यात ठेवतो आणि निकाल मी देतो. आता लोक त्या ट्रेमध्ये ठेवण्याआधी तिला विचारायचे, “वहिनी, हे काय दिसतंय हो?” माझ्यामुळेच ती त्यांची वहिनी, आणि माझ्यासमोरच माझं काम तिला विचारणार. तशी ती सांगायची, “त्यांना विचारा,” पण सांगायच्या आधी एकदा बघायची, आणि तिने बघितलं की पुढे मला विचारायची कुणाला गरज उरायची नाही. माझा नुसता जळफळाट व्हायचा. जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन गच्चीवर जायला लागलो.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, जी तेव्हा कुणालाच माहीत नव्हती. गेली दोन वर्षं मला नीट दिसत नव्हतं. दिवा लावला की त्याच्याभोवती धुकं यायचं, आणि त्या धुक्यात बाटलीतलं दूध आणि बाटलीतलं बाकी काही यांत फरक कळेनासा झाला होता. कंपनीचे डॉक्टर दर वर्षी डोळे तपासतात. त्यांच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता आहे, तो कित्येक वर्षं तोच आहे. फसवायचं म्हणून मी काही तो पाठ केला नाही. वर्षानुवर्षं म्हणून तो आपोआप पाठ झाला, शाळेतल्या पाढ्यासारखा. यंदा डॉक्टर ‘शेवटची ओळ’ म्हणाले आणि मी धडाधड म्हणून टाकली. डॉक्टर म्हणाले, या वयात कमाल आहे. मी मूग गिळून बसलो.

आणि तरीही माझ्या हातून एकही वाईट बाटली बाहेर गेली नव्हती, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. नेहमीचे ट्रे बाकीचे बघायचे, माझ्याकडे निकालाला फक्त संशयाचा ट्रे यायचा, आणि त्यातलं मला जे जे स्पष्ट दिसायचं नाही ते सगळं मी लाल ट्रेमध्ये टाकत होतो. शंका आली की बाहेर. दोन वर्षांत माझ्या शंका फार वाढल्या एवढंच. मॅडम एकदा म्हणाल्या, “तुमचं बाहेर काढायचं प्रमाण वाढलंय, घारसाहेब.” मी म्हटलं, बाटल्या पुरवणारे बदलले का बघा.

मग हिची परीक्षा आली. शिकाऊ माणसाला कायम करायच्या आधी साठ बाटल्यांचा एक संच तपासायला देतात. बावीस बाटल्यांत दोष, अडतीस स्वच्छ. हा संच आठ वर्षांपूर्वी मी बांधला. बरोबरचे दोघं कधीच निवृत्त झाले, त्यामुळे त्या संचाचा मायबाप मीच. बाटलीवर नंबर असतो, पण तो फक्त जांभळ्या दिव्याखाली दिसतो, आणि तो दिवा मॅडमच्या कपाटात. साठही बाटल्या तीनदा बघायच्या, दर वेळी क्रम बदलून. दोष सगळे सापडले पाहिजेत, आणि स्वच्छ बाटली वाईट म्हणून काढायची चूक तिन्ही फेऱ्या मिळून दोनदा माफ. तिसऱ्यांदा झाली की नापास. सगळ्यांना ही परीक्षा दर वर्षी द्यावी लागते. मला नाही, कारण संच माझा.

निकालाच्या दिवशी मॅडमनी मला आत बोलावलं. मॅडम वयाने माझ्याहून बऱ्याच लहान, पण माणूस सरळ.

“खरं तर तुम्हाला विचारू नये, तुमच्या मिसेस आहेत,” त्या म्हणाल्या, “पण या संचाबद्दल तुमच्याशिवाय कुणाला विचारू? त्यांनी बावीसच्या बावीस दोष पकडलेत. तिन्ही फेऱ्यांत. असा निकाल मी याआधी पाहिलेला नाही.”

मी म्हटलं, “मग अडलं कुठे?”

“एक्केचाळीस नंबर. तुमच्या यादीत स्वच्छ आहे. त्यांनी ती तिन्ही वेळा बाहेर काढलीय. म्हणजे तीन चुका, म्हणजे नापास. पण तिन्ही वेळा नेमकी तीच बाटली कशी निघेल? नंबर तर त्यांना दिसत नाही.”

मला ते मॅडमच्या आधी कळलं होतं. चुकणारा माणूस वेगवेगळ्या ठिकाणी चुकतो. एकाच बाटलीवर तीनदा बोट ठेवणारा चुकत नसतो. शिवाय आठ वर्षं तोच द्रव लागून राहिला की काच कधीकधी आतून पापुद्रे सोडते, हेही मी स्वतःच लोकांना शिकवतो.

“लॅबला देऊन फोडून बघता येईल,” मॅडम म्हणाल्या, “पण फोडली की संच गेला. नवा बांधायला तीन महिने. म्हणून म्हटलं, आधी तुम्ही बघा. तुम्ही शंका आहे म्हणालात तरी मी फोडते.”

त्यांनी बाटली माझ्या हातात दिली. मी फळ्यापुढे बसलो. काळ्यापुढे पाच सेकंद, पांढऱ्यापुढे पाच. दिव्याभोवती धुकं, धुक्यात दूध. मला काहीही दिसलं नाही. कण आहे असंही नाही आणि नाही असंही नाही. दोन वर्षं अशी बाटली हातात आली की मी न चुकता एकच गोष्ट करत आलो होतो. तीच आताही करायची होती. ‘शंका आहे’, दोन शब्द. ते तोंडाशी आलेही होते.

पण मग डोळ्यासमोर आलं, उद्या सगळी खोली म्हणणार, घारीच्या संचात हिने चूक काढली. आठ वर्षं कुणाला सापडली नाही ती पाच आठवड्यांत काढली. आणि ही घरी येऊन त्याबद्दल अवाक्षर बोलणार नाही, नेहमीसारखी भाजी निवडत बसेल.

“स्वच्छ आहे,” मी म्हणालो.

“नक्की?”

“मॅडम, संच माझा आहे.”

त्यांनी कागदावर तसं लिहिलं. दुपारी हिला पुन्हा खाली लेबलांच्या विभागात पाठवलं. जाताना तिने आपला कोट घडी करून माझ्या टेबलाच्या कडेला ठेवला, कारण कोट परत घ्यायचं कामही माझ्याकडेच होतं. मला फार आनंद होईल असं वाटलं होतं. आनंद झालाही, खोटं कशाला बोलू. साधारण बसमध्ये बसेपर्यंत टिकला.

दोन दिवस गेले. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर मटार सोलत बसली होती, मी पेपर हातभर लांब धरून मथळे वाचत होतो.

“एक विचारू?” ती म्हणाली.

“विचार की.”

“त्या बाटलीतलं तुम्हाला दिसलं नाही, की दिसलं आणि नाही म्हणालात?”

मी पेपर खाली ठेवला नाही. विचार करायला आडोसा बरा असतो. दिसलं नाही म्हणालो तर डोळ्यांचा विषय निघाला, डोळ्यांमागून तक्ता आला, तक्त्यामागून माझी खुर्ची गेली. दिसलं म्हणालो तर मी फक्त एक हलकट नवरा ठरत होतो. हलकटपणा माफ होतो. चार दिवस अबोला, पाचव्या दिवशी चहा.

“दिसलं होतं,” मी म्हणालो.

“आणि स्वच्छ म्हणालात.”

“हो. माझ्या पोटात दुखलं. तू माझ्या खोलीत आलीस आणि जो तो तुझ्याभोवती. मला नाही सहन झालं.” हे मात्र अक्षरन् अक्षर खरं होतं.

तिचे हात थांबले होते. मग तिने एक शेंग उचलली, दाणे काढले आणि शांतपणे विचारलं, “कुठे होतं?”

“काय?”

“तुम्हाला दिसलं ते. बाटलीत कुठे होतं?”

“मानेपाशी,” मी ठोकून दिलं. “बुचाच्या खाली. कण होता.”

“तळाच्या कडेला आहे,” ती म्हणाली. “कण नाही, पापुद्रा आहे. तिळाएवढा. दूध उतरलं की चकाकतो. पूर्वी तुम्हाला तो चालता चालता दिसला असता.”

मी पेपर खाली ठेवला. टेबलावर टरफलांचा ढीग होता, तो मला हिरवा दिसत होता, एवढंच.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“दोन वर्षं.”

“मला वाटलंच होतं. तुम्ही टोमॅटो हाताने चाचपून आणता हल्ली.” तिला लहानपणी डांग्या खोकला झाला होता. तीन महिने, खोकून खोकून श्वास अडकायचा, ओठ निळे व्हायचे. हे मला तिच्या आईने सांगितलं होतं, तिने कधीच नाही. “तुम्ही माझ्यावर जळता ते मला चौथ्या दिवसापासून माहीत आहे,” ती म्हणाली. “ते मी चालवून घेतलं असतं. उद्या मॅडमना तुम्ही सांगता की मी सांगू?”

सोमवारी मी सांगितलं. तक्त्यासकट सगळं. मॅडमनी एक्केचाळीस नंबर तिथल्या तिथे लॅबला पाठवली, आणि तासाभरात लॅबचा फोन आला. काचेचा पापुद्रा, तळाच्या कडेचा. माझ्या दोन वर्षांच्या निकालांच्या नोंदी त्यांनी काढल्या आणि ओळीने वाचल्या. लाल, लाल, लाल.

“वाईट काही बाहेर गेलेलं नाही,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजातला ताण सैल झाला. “मोतीबिंदू असणार. ऑपरेशनने जातो. इतकं मनाला लावून घेऊ नका, दिसलं नाही याला माणूस काय करणार.”

कारखान्यात काही चुकलं की एक कागद भरावा लागतो. काय झालं, कधी झालं आणि कारण. कारणाखाली चौकोन असतात. यंत्र, माल, पद्धत, माणूस. ‘माणूस’ या चौकोनाच्या पोटात आणखी तीन छोटे चौकोन, प्रशिक्षण, थकवा, दृष्टी. मॅडमनी दृष्टीवर खूण केली.

तिथे गप्प बसलो असतो तर सुटलो होतो. मोतीबिंदू झालेल्या माणसाची सगळ्यांना दया येते. महिन्याभराने डोळे नीट करून मी परत आलो असतो, लोकांनी हार घातला असता, आणि तुला नापास कुणी केलं असं हिला विचारणाऱ्यांना ही म्हणाली असती, अहो, त्यांना दिसतच नव्हतं. ती तसंच म्हणाली असती, मला खात्री आहे. तिच्या त्या चांगुलपणाचाही मला त्या क्षणी राग आला.

“तेवढंच कारण नाही,” मी म्हणालो.

मॅडमनी वर बघितलं.

“दिसत नव्हतं तेव्हा दोन वर्षं मी शंका आहे म्हणत आलो. कधी चुकलो नाही. या एकाच बाटलीला स्वच्छ म्हणालो, कारण ती हिने काढली होती. तसं लिहा.”

“कसं लिहू?”

“नवरा जळत होता, असं लिहा.”

त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. मग त्यांनी दृष्टीवरची खूण तशीच ठेवली आणि तिच्या खालच्या मोकळ्या जागेत माझे शब्द लिहिले, एकही न बदलता. कागद माझ्याकडे फिरवला. सही कुठे करायची ती रेघ मला दिसेना. मॅडमनी तिच्यावर बोट ठेवलं, तिथे केली.